माती, गादी आणि 'राष्ट्रीय शैली': गामा, खाशाबा आणि चाळीसगावचा मल्ल

मुष्टियुद्धाच्या चाहत्यांची एक आवडती वर्गवारी आहे. क्यूबाचा मुष्टियोद्धा पायांवर खेळतो, मारतो आणि निसटतो. मेक्सिकोचा अंगावर चालून येतो आणि बरगड्यांखाली ठोसे पेरतो. जुना सोव्हिएत मुष्टियोद्धा अंतर मोजून, हिशेबाने मारणारा. ही वर्गवारी सर्वस्वी खोटी नाही. लढती पाहिल्या की फरक डोळ्यांना दिसतो. घोटाळा होतो तो त्याचे कारण सांगताना. 'त्यांच्या रक्तातच ते आहे' असे म्हटले की चर्चा संपते आणि इतिहासही संपतो.

मित्रहो, आजचा धागा याच 'रक्ता'विषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

प्रथम मुष्टियुद्धाचेच पाहू. क्रांतीनंतर क्यूबाने १९६२ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी घातली. त्यानंतर तेथील मुलांपुढे एकच वाट उरली: हौशी स्पर्धा, ऑलिंपिक, थोड्या फेऱ्यांची लढत आणि स्वच्छ लागलेल्या ठोशाला गुण. अशा लढतीत मार खाऊन मार देणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. मेक्सिकोत याच्या उलट. तेथे पोट भरायचे ते तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकावर, आणि मोठ्या लढती बारा-पंधरा फेऱ्यांच्या. पोटावरच्या ठोशाची वसुली पहिल्या फेरीत होत नाही, दहाव्या फेरीत होते. तीन फेऱ्यांच्या खेळात तो ठोसा उधळपट्टी, बारा फेऱ्यांच्या खेळात गुंतवणूक. शैली घडली ती कायद्याने, घड्याळाने आणि तिकिटाच्या पैशाने.

आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा तर तो मुष्टियुद्धात विचारून फारसे हाती लागणार नाही. महाराष्ट्राचे द्वंद्व म्हणजे कुस्ती. आणि कुस्तीत या प्रश्नाला तपासून पाहता येतील अशा दोन-तीन लढती इतिहासाने आपल्यासाठी जणू मुद्दाम मांडून ठेवल्या आहेत.

त्यांतली पहिली लंडनची. १० सप्टेंबर १९१०. एका बाजूला गामा, उंचीने बेताचा, वजन सुमारे दोनशे पौंड. दुसऱ्या बाजूला पोलंडचा स्टानिस्लाव झ्बिश्को, गामापेक्षा सुमारे पन्नास पौंडांनी भारी. पणाला 'जॉन बुल' पट्टा आणि अडीचशे पौंडांचे बक्षीस. याच्या काही आठवडे आधी गामाने अमेरिकेच्या डॉ. बेंजामिन रोलरला सहज चीत केले होते, त्यामुळे गर्दी लोटली होती. लोकांना वाटले होते की दोन रेडे झुंजतील. पाहायला मिळाले ते भलतेच. पहिल्या काही क्षणांतच गामाने झ्बिश्कोला खाली घेतले. त्यानंतर झ्बिश्को गादीला चिकटला तो जवळजवळ शेवटपर्यंत. हातपाय रोवून, पोट खाली दाबून तो पडून राहिला आणि गामा त्याच्या पाठीवर स्वार होऊन त्याला उलथण्यासाठी झटत राहिला. दोन तास पस्तीस मिनिटांच्या आसपास हे चालले. शेवटी अंधार पडू लागला म्हणून लढत अनिर्णित थांबवली आणि १७ सप्टेंबर ही पुढची तारीख ठरली. त्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

झ्बिश्को भ्याला, एवढ्यावर आपल्याकडची बहुतेक वर्णने थांबतात. मला हे अर्धे सत्य वाटते. झ्बिश्को ग्रीको-रोमन पद्धतीत वाढलेला मल्ल होता. त्या पद्धतीत कमरेखाली पकड घेता येत नाही आणि पायांचा डावासाठी उपयोगही करता येत नाही. पट काढणे नाही, टांग नाही. त्यामुळे गुडघे आणि तळहात टेकून भक्कम बसलेल्या माणसाला हलवायचे तर निव्वळ कमरेची पकड आणि उचलण्याची ताकद एवढेच साधन उरते. अडीचशे पौंडांच्या माणसाला तसे उचलणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. म्हणजे जमिनीला धरून बसणे ही त्या पद्धतीत लाज नव्हे, ती शिकवलेली आणि घोटून घेतलेली विद्या होती. झ्बिश्कोने त्या दिवशी गामाची ताकद ओळखली आणि आपल्या शाळेचे उत्तर दिले. लंडनच्या नियमांत त्या उत्तराला दंड नव्हता. लढत नीरस झाली याचा दोष मी झ्बिश्कोहून अधिक नियमांना देईन.

आता याच दोघांची दुसरी लढत पाहा. १९२८ चा जानेवारी, पतियाळा संस्थान. दोघेही पन्नाशीला टेकलेले. या वेळी गादी नव्हती, आखाडा होता. मऊ केलेली माती, भोवती संस्थानी लवाजमा आणि अफाट गर्दी. लढत एका मिनिटाच्या आत संपली. गामाने झ्बिश्कोला आस्मान दाखवले.

तीच माणसे, तेच रक्त. एकदा अडीच तास आणि निकाल नाही, एकदा एक मिनिटही नाही. अठरा वर्षांत दोघांची वये वाढली हे खरे, पण वय दोघांचेही वाढले होते. बदलली ती पायाखालची जमीन आणि त्या जमिनीबरोबर येणारा रिवाज. लंडनमध्ये जमिनीला धरून राहण्याची मुभा होती. पतियाळ्यात झ्बिश्को उभ्याने भिडला, आणि उभ्याने गामाशी भिडणे म्हणजे काय हे त्याला तत्काळ कळले.

येथे एक अवांतर, पण आवश्यक. 'भारतीय कुस्ती' असा शब्द आपण वापरतो तेव्हा ती एकसंध, अनादी गोष्ट असल्यासारखे बोलतो. मल्लविद्या जुनी आहे यात शंका नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मल्लविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मल्लांच्या प्रतवारीपासून बरेच काही येते. परंतु आज आपण उच्चारतो ते 'कुस्ती' आणि 'पहिलवान' हे दोन्ही शब्द फार्सी वळणाचे आहेत. तालमीत फिरवली जाणारी जोडी इराणच्या जोरखान्यातही फिरते. कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणतात, ती पंढरी वसवताना १८९४ मध्ये राज्यावर आलेल्या शाहू महाराजांनी उत्तरेतील, विशेषतः पंजाबातील मल्लांना उदार आश्रय दिला. युरोपचा दौरा करून आल्यावर तेथील प्राचीन प्रेक्षागारांच्या धर्तीवर त्यांनी खासबागेचे मैदान बांधवले, ते १९१२ मध्ये पुरे झाले. म्हणजे अस्सल मराठमोळ्या मैदानाचा आराखडा रोमचा, त्यातील अनेक वस्ताद पंजाबचे आणि हातातली जोडी इराणशी नाते सांगणारी. मला यात कमीपणा दिसत नाही. शैली ही अशीच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या संगतीत तयार होते.

मग मातीची शैली म्हणजे नेमके काय? ज्यांनी हौद्यात कधी पाय ठेवलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो.

तालमीतील लाल माती म्हणजे नुसती माती नव्हे. ती चाळून, तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली असते. मऊ असते, पाय तीत थोडा रुततो. त्यामुळे विजेसारखी झेप घेऊन पायात शिरणे अवघड जाते आणि उभ्याने खडाखडी करून, मानेवर हात टाकून, जोर अजमावून मग डाव टाकण्याला महत्त्व येते. घामावर माती बसली की निसटलेली पकड पुन्हा धरता येते. जमीन मऊ असल्याने माणूस उचलून टाकायला आणि टाकून घ्यायलाही भीती वाटत नाही. ढाक, कलाजंग, धोबीपछाड असे उचलून फेकण्याचे डाव म्हणूनच मैदानाचे लाडके. जुन्या निकाली कुस्तीत गुण नाहीत, घड्याळ नाही. दोन्ही खांदे जमिनीला लागले की चितपट, नाहीतर चालू द्या. वेळ हवा तेवढा असल्याने दमसास हेच मोठे शस्त्र. हजार जोर आणि हजार बैठकांचा जो बडेजाव आपण ऐकतो, त्याचे मूळ या अमर्याद वेळेत आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. यात्रेच्या दंगलीत पहिलवान दिवसाला साधारणतः एकच कुस्ती धरतो. खानदेशातल्या कोणत्याही गावच्या यात्रेत पाहा. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती. जोड पंच पाहून लावतात. हरला तरी त्याची ती एक कुस्ती, जिंकला तरी ती एकच. सारी ताकद त्या एका लढतीत ओतायची, हे त्याच्या अंगात मुरलेले असते.

आता हे सारे मनात धरून गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे या.

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वरात जन्मलेले खाशाबा १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले ते मातीत घडलेले मल्ल म्हणून. आंतरराष्ट्रीय नियमांची आणि गादीची त्यांना तोवर नीट ओळख नव्हती. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना रोखले आणि ते सहावे आले. गंमत पाहा, ज्याने रोखले तोही जोरखान्याच्या देशातला. जुनी परंपरा असलेल्या देशाचा मल्ल गादीवर अडखळतोच, असे काही नसते. गादीवर उभे राहण्याची सवय किती, हा प्रश्न असतो.

गादीवर पाय रुतत नाही. म्हणून वेग वाढतो, खाली वाकून पट काढणारा फायद्यात राहतो आणि उभे राहून खडाखडी करणाऱ्याचा पाय तो पाहता पाहता पळवतो. वेळ ठरलेला असतो. चितपट झाली नाही तर पंचांच्या मतावर निर्णय होतो. म्हणजे जो मल्ल 'आता याला दमवू, मग पाहू' असे म्हणेल त्याची लढत तो दमण्यापूर्वीच संपलेली असते. पुढची चार वर्षे खाशाबांनी कशासाठी कष्ट उपसले, हे या एका वाक्यात आहे. त्यांनी मातीतली विद्या टाकली नाही. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता आणि तो त्यांनी गादीवर नेला.

हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत तुम्ही वाचली असेल. ती वारंवार सांगितली जाते आणि सांगितली जावीच. पण त्या ओघात हेलसिंकीच्या गादीवर काय झाले याकडे आपले दुर्लक्ष होते.

जुलै १९५२, बँटमवेट गट. खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. शेवटी तिघे उरले आणि ही त्रयी आपल्या विषयासाठी सोन्याहून मौल्यवान आहे. पहिला जपानचा शोहाची इशिई. हा मुळात ज्युदोचा माणूस. युद्धानंतर अमेरिकी अंमलात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. तोल मोडण्याची ज्युदोतली नजर त्याने अंगावरचा जाड झगा उतरवून गादीवर आणली. दुसरा सोव्हिएत संघाचा, अझरबैजानचा रशीद मम्मदबेयोव. सोव्हिएत संघ ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरला होता. कॉकेशसच्या डोंगरी कुस्त्या, त्यांतून आणि ज्युदोतून घडवलेला साम्बो, आणि या सगळ्यामागे उभी सरकारी प्रशिक्षणाची यंत्रणा, अशी ती शाळा. तिसरा कराडच्या मातीचा खाशाबा, ज्याच्यामागे एक गहाण पडलेले घर होते.

इशिईशी खाशाबांची लढत लांबली आणि ते निसटत्या फरकाने हरले. त्यानंतर त्यांना जवळजवळ लागलीच मम्मदबेयोवसमोर उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून दाद मागायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रकथांत सांगितले जाते. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशिईला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इशिईचे सुवर्ण हे त्या स्पर्धेतले जपानचे एकमेव सुवर्ण ठरले.

आता मघाची ती दंगल आठवा: दिवसाला एक कुस्ती, सारी ताकद तीत ओतायची. ऑलिंपिकचा खेळ वेगळा. तेथे लढतींची माळ असते. या लढतीत किती शक्ती खर्चावी आणि पुढच्या लढतीसाठी किती राखावी, हा तेथला अदृश्य डाव. तो डाव मल्ल एकटा खेळत नाही. त्याच्यामागे नियमपुस्तक हातात घेतलेला प्रशिक्षक असतो, वेळ मोजणारा व्यवस्थापक असतो, हरकत नोंदवणारा अधिकारी असतो. 'राष्ट्रीय शैली' म्हणताना आपण मल्लाचे खांदे आणि पाय पाहतो. हेलसिंकीत खाशाबा ज्या शैलीसमोर हरले तिच्यात ही सारी फौजही होती. कराडला परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांतला एक जण जरी त्या दुपारी हेलसिंकीत घड्याळ घेऊन बसला असता, तर पदकाचा रंग कोणता असता?

'मातीचा मल्ल परक्या नियमांत टिकत नाही' या मताला सुरुंग लावणारे उदाहरणही येथेच नोंदवतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकरांनी सुवर्णपदक मिळवले ते ग्रीको-रोमनमध्ये! कोल्हापूरच्या तालमीतला हिंद केसरी, आणि ज्या पद्धतीत पाय वापरता येत नाहीत तीत अजिंक्य. माझा तर्क असा की मातीतल्या खडाखडीने मान, खांदे आणि मिठी यांची जी तयारी होते, ती कमरेवरच्याच झुंजीत थेट उपयोगी पडते. जी सवय एका नियमात ओझे ठरते, तीच दुसऱ्या नियमात भांडवल ठरते.

महाराष्ट्राने या प्रश्नाला स्वतःचे एक विलक्षण उत्तर काढले आहे. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आज दोन विभाग असतात, माती आणि गादी. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता चांदीच्या गदेसाठी समोरासमोर येतात. लंडन आणि पतियाळा एकाच मंडपात आणण्याचा हा प्रकार म्हणायचा. पण मातीचा विभागही आता जुन्या अर्थाने मातीचा राहिलेला नाही. घड्याळ आले, गुण आले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या निर्णायक लढतीत महेंद्र गायकवाडच्या बाहेरील टांगेला चार गुण द्यावेत की नाही, यावरून केवढे रण माजले होते ते आठवत असेल. सिकंदर शेखची पाठ पुरेशी वळली होती का, हा वाद महाराष्ट्रभर चित्रफिती थांबवून थांबवून घातला गेला. कोणाची बाजू खरी यात मी पडत नाही. मला त्यात दिसले ते हे, की पन्नास वर्षांपूर्वीच्या मैदानात हा प्रश्न उद्भवलाच नसता. चीत की नाही? नाही. मग धरा पुढे.

आता आपल्या गावाकडे. चाळीसगाव म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाटणादेवी आणि भास्कराचार्य आठवतात, कलावंताला केकी मूस. रेल्वेवाल्याला धुळ्याचा फाटा. कुस्तीच्या नकाशावर मात्र खानदेशाला कोणी फारसे धरत नसे. गदा जायची ती कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुण्याकडे. अशा वेळी चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. सलग तीन वेळा हा मान त्याआधी नरसिंग यादवला मिळाला होता. २०१६ ची अंतिम लढत पुण्याच्या वारज्यात झाली आणि समोर होता अभिजित कटके, जो पुढच्याच वर्षी केसरी झाला.

चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. खाशाबाही १९५५ मध्ये पोलिसांत दाखल झाले होते, फौजदार म्हणून. २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस क्रीडास्पर्धेत चौधरींनी १२५ किलो गटात सुवर्णपदक जिंकले.

गिरणेच्या काठावरच्या गावातून निघालेला मल्ल विनिपेगच्या गादीवर कोणत्या 'राष्ट्रीय शैली'त लढला, हे मी विचारले तर तुम्ही काय सांगाल? आज सहा मिनिटांच्या लढतीत, कडेबाहेर पाय गेला तरी गुण जातो अशा खेळात, जपानी, इराणी, दागेस्तानी आणि मराठी मल्ल दिवसेंदिवस एकमेकांसारखे दिसू लागले आहेत. कारण सर्वांचे नियमपुस्तक आता एक आहे. गावच्या यात्रेत मात्र अजून फेटा बांधून पंच हौद्यात उभा असतो आणि हलगीच्या ठेक्यावर जोडी सलामी घेते. खानदेशातल्या पोराला आज या दोन्ही खेळांत एकाच वेळी वाढावे लागते. सकाळी मातीत खडाखडी, आणि गादी मिळालीच तर संध्याकाळी तीवर पट काढण्याचा सराव. गादी सगळ्याच गावांत नाही. ज्या गावात ती नाही, तेथला मुलगा आजही १९४८ च्या खाशाबांच्या जागी उभा आहे.

पुढील रविवारी: मल्लखांब आणि पेशवाईतले बाळंभटदादा देवधर. तोवर तुमच्या गावच्या यात्रेत शेवटची मानाची कुस्ती निकाली होते की गुणांवर, ते खाली जरूर लिहा. तालुक्याचे नाव लिहायला विसरू नका, मी नकाशा करतो आहे.